पेडल कडक झालं होतं

शनिवार, १४ सप्टेंबर

आज गाडीचा एअर फिल्टर स्वतः बदलला. गॅरेजवाला डेक्लन तीन आठवड्यांनंतरची तारीख देत होता, आणि व्हिडिओतला माणूस हे काम बारा मिनिटांत करतो. मला दीड तास लागला, पण झालं. नागपूरला बाबा रविवारी स्कूटर अंगणात उघडून बसायचे, तेव्हा मला फक्त स्क्रू सांभाळायला मिळायचे. आज बाबांना फोटो पाठवला. त्यांचा अंगठा आला.

मध्ये एक घोळ झाला. फिल्टरचा डबा उपसताना त्याच्याखालचा काळा प्लास्टिकचा पाइप ओढला गेला आणि वळणापाशी टक् असा आवाज झाला. बघितलं तर नखाएवढी चीर. हा पाइप ब्रेकच्या बूस्टरकडे जातो हे नंतर वाचून कळलं. इंजिनाकडून त्यातली हवा ओढली जाते आणि त्या जोरावर ब्रेक पायाला हलका लागतो. इन्सुलेशन टेपचे सहा वेढे घट्ट दिले, वर डबा बसवला. गाडी चालू करून पेडल दाबलं. नेहमीसारखं. नवा पाइप मागवायला हवा, पण अगदी आजच असं नाही.

मेधा हॉस्पिटलच्या ड्यूटीवरून आली. "झालं सगळं?" म्हणाली. मी म्हटलं, "झालं."

गुरुवार, १९ सप्टेंबर

एरवी बसने जातो, पण ऑफिसचा एक मॉनिटर घरी आणायचा होता म्हणून आज बॉल्सब्रिजला गाडी नेली. परत येताना घराजवळ, नावनच्या राउंडअबाउटला ब्रेक दाबला तर पेडल खाली जाईना. जिन्याच्या पायरीवर पाय ठेवावा तसं. अंगातलं सगळं वजन उजव्या पायावर टाकलं तेव्हा गाडी थांबली, पांढरी रेघ ओलांडून. बाजूच्या व्हॅनवाल्याने हात वर केला. मीही केला. इथे चूक कोणाचीही असो, दोघंही हात वर करतात.

दारात गाडी उभी करून हँडब्रेक दोनदा ओढला.

शुक्रवार, २० सप्टेंबर

सकाळी पेडल एकदम व्यवस्थित. दहा वेळा दाबून बघितलं. काल जाड तळाचे बूट होते, त्यामुळेही अंदाज चुकला असेल.

पाइप शोधून ठेवला आहे. मागवायचं बटण दाबायच्या आतच ऑफिसच्या सॉफ्टवेअर रिलीजचा कॉल सुरू झाला.

शनिवार, २८ सप्टेंबर

आठवडाभर रिलीजने जीव काढला. आज दुपारी लेकीला पोहायला नेलं. येताना शेवटच्या सिग्नलला पुन्हा तसंच, पण कमी. की मीच आधीपासून घाबरून जोरात दाबलं? केतकी मागे बसून गाणं म्हणत होती. तिला काही कळलं नाही.

मेधाला म्हटलं, "पुढच्या गाडीपासून जरा अंतर ठेवत जा."

"का? काय झालं?"

"काही नाही. रस्ते ओले असतात आता."

ती हसली. "अरे, गेली सहा वर्षं ओलेच आहेत."

सांगायला हवं होतं का? सांगितलं असतं तर तिने त्याच क्षणी गाडी बंद केली असती. ती टॅक्सीने ड्यूटीला गेली असती, आणि वर 'गॅरेजला का नाही दिलीस' हे आलं असतं. पाइप आला की दहा मिनिटांचं काम आहे. उद्या मागवतो.

रविवार, ६ ऑक्टोबर

मेधाच्या हातून अपघात झाला.

ती आणि केतकी डून लेरीला निहारिकाकडे जेवायला गेल्या होत्या. निहारिका तिची कॉलेजची मैत्रीण. मी रिलीजचं राहिलेलं काम आहे म्हणून घरी होतो. साडेपाचला फोन आला. आमच्या वसाहतीच्या तोंडाशी, दुकानासमोरच्या झेब्रा क्रॉसिंगवर. मी धावत गेलो. मागच्या गल्लीत राहणाऱ्या, पूर्वी लायब्ररीत कामाला असलेल्या नोरीन रस्त्यावर आडव्या होत्या आणि मेधा पावसात बसून त्यांचं डोकं मांडीवर धरून होती. मेधाचा आवाज हॉस्पिटलमधला असतो तसा शांत होता. "हलू नका नोरीन, मी आहे इथे. बोटं हलवून दाखवा." मध्येच ती "सॉरी, आय ॲम सो सॉरी" म्हणत होती. पुन्हा "बोटं हलवा".

मनगट मोडलं आहे, कमरेला मुका मार आहे. डोक्याला काही नाही. शहात्तर वर्षांच्या आहेत.

ॲम्ब्युलन्स गेल्यावर मेधा माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "ब्रेक लागलाच नाही, उपेन. दगड झाला होता नुसता."

मी म्हटलं, "आधी घरी चल."

सोमवार, ७ ऑक्टोबर

इथल्या पोलिसांनी, गार्डांनी, गाडी काल डेक्लनच्या यार्डात नेऊन ठेवली होती. आज तिथे एक गार्डा बाई आल्या. डेक्लनने गाडी चालू केली, यार्डात चार फेऱ्या मारल्या, चाकं काढून पॅड बघितले, ब्रेकचं तेल बघितलं. "ब्रेक ग्रँड आहेत, एकदम ठीक," म्हणाला. आणि मेधाकडे न बघता, जरा हळू, "घाबरल्यावर पाय कुठेही पडतो, डॉक्टर. माझ्या आईचं तसंच झालं होतं."

बाईंनी ते लिहून घेतलं. मेधाचं लेखी स्टेटमेंट पंचवीस तारखेला द्यायचं आहे.

गाडी रात्रभर थंड पडलेली होती. मी यार्डाच्या फाटकाशी उभा होतो. डेक्लनने फिल्टरचा डबा उघडला नाही. तो का उघडेल? मला वाटलं आता बोलावं. मग मेधाच म्हणाली, "थँक्स डेक्लन," आणि चालायला लागली, आणि मी तिच्या मागे.

गुरुवार, १० ऑक्टोबर

मेधा गाडीला हात लावत नाही. हॉस्पिटलला चालत जाते, पस्तीस मिनिटं. वॉर्डात कोणीतरी विचारलं म्हणे, झोप होते ना नीट? तिला ते लागलं.

जेवताना म्हणाली, "माझा पाय खरंच ॲक्सिलरेटरवर असेल का रे?"

मी म्हटलं, "काहीही होऊ शकतं अशा वेळी. तू जास्त विचार करू नकोस."

केतकी ताटातून मान वर करून म्हणाली, "नो, डॅड. शी वॉज स्टँडिंग ऑन द ब्रेक. मम्मी सीटवरून उठलीच होती ऑलमोस्ट." ती एरवी मराठीत एवढंही बोलत नाही.

मेधाने तिच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी वरण वाढून घेतलं.

शनिवार, १२ ऑक्टोबर

गाडी परत आली आहे. मेधा ड्यूटीवर, केतकी मैत्रिणीकडे. नीट शास्त्रोक्त तपासायचं ठरवलं.

पद्धत सोपी आहे. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबायचं. आत साठलेला जोर संपतो आणि पेडल कडक होतं. मग पाय तसाच दाबून ठेवायचा आणि इंजिन चालू करायचं. बूस्टरला हवेची ओढ मिळाली तर पेडल पायाखाली आपोआप दोन बोटं उतरतं. नाही उतरलं, तर ओढ पोचत नाही.

थंड इंजिन: उतरलं. छान.

मग ट्रिम गावाच्या रस्त्याने पंचवीस मिनिटं फिरवून आणली. दारात उभी करून पुन्हा तेच केलं. इंजिन चालू केलं आणि पेडल तिथल्या तिथे. दगड. मेधाचाच शब्द.

बॉनेट उघडून डबा काढला तर फुस्स असा बारीक आवाज सतत. इंजिनाच्या उष्णतेने टेपचा गोंद पातळ होऊन वेढे सरकले होते, आणि चीर बोटभर वाढली होती. चिरेवर अंगठा दाबला, आवाज थांबला. अंगठा काढला, पुन्हा सुरू. असं मी तीन-चार वेळा केलं. कशासाठी कोण जाणे. अंगठा भाजला.

म्हणजे तिने ब्रेक दाबला होता. ती तासभर हायवेवरून आली, तेवढ्या वेळात जोरात ब्रेक दाबायची गरजच पडली नाही, आणि पहिल्यांदा पडली ती नोरीन रस्त्यात असताना. अशा पेडलवर चौपट जोर लावावा लागतो. तिने लावला म्हणून मनगटावर भागलं.

पाइप मागवला. आज बटण दाबायला अर्धं मिनिट लागलं.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

पाइप आला. 'घरून काम' घेऊन दुपारी बसवला. दोन्ही टोकांच्या क्लिपा नव्या, बूस्टरच्या तोंडाशी असलेला एकदिशी व्हॉल्व्ह काढून फुंकून बघितला. एका बाजूने हवा जाते, उलटी येत नाही. बरोबर. पुन्हा पंचवीस मिनिटं फिरवली. गरम इंजिन, पेडल दोन बोटं उतरलं. चार वेळा केलं, चारही वेळा उतरलं. लोण्यासारखं.

जुना पाइप टेपसकट शेडमध्ये रंगाच्या डब्यांमागे ठेवला. फेकवत नाही. का ते माहीत नाही.

आता गाडी सुरक्षित आहे हे महत्त्वाचं. जे झालं ते सांगून नोरीनचं मनगट जुळणार नाही. मेधाच्या लायसन्सवर फार तर पेनल्टी पॉइंट येतील. मी सांगितलं तर काय काय होईल, मला ठाऊक नाही. मुद्दाम केलं असं तर कोणी म्हणणार नाही. पण माहीत असून गप्प बसला, असं म्हणतील, आणि ते खरं आहे.

हे वाक्य लिहून दहा मिनिटं बसलो आहे.

रविवार, २० ऑक्टोबर

मेधाने नोरीनसाठी सूप आणि पुस्तकं एका खोक्यात भरली. "टेप आहे का रे घरात?"

कपाटातून पारदर्शक टेप काढून दिली. मेधा म्हणाली, "ती काळी नाही का? तू गाडीच्या वेळी आणलेली."

"ती संपली."

"अच्छा," म्हणाली.

मग खोकं चिकटवता चिकटवता, "सप्टेंबरमध्ये तू बॉनेट उघडलं होतंस ना?"

"फक्त फिल्टर बदलला. त्याचा ब्रेकशी काही संबंध नसतो."

"नसतो का? मला गाडीतलं काही कळत नाही, म्हणून विचारलं."

थोड्या वेळाने चहा घेताना पुन्हा, अगदी साध्या आवाजात, "उपेन, तुला काही बोलायचंय का माझ्याशी?" मी म्हटलं, "नाही, का?" ती म्हणाली, "सहजच." बिचारी फार थकली आहे. हल्ली माझ्याकडे बघत राहते आणि मी बघितलं की दुसरीकडे बघते. या सगळ्याचा तिच्या मनावर परिणाम झाला आहे. तिने कोणाशी तरी बोलावं असं सुचवणार आहे.

बुधवार, २३ ऑक्टोबर

सुचवलं. ती म्हणाली, "हो, बोलायला तर हवंच कोणीतरी."

परवा स्टेटमेंट.

शुक्रवार, २५ ऑक्टोबर

जमेल तसं सगळं लिहितो.

अकराची वेळ होती. दहा वाजता मेधा कोट घालून स्वयंपाकघरात आली, एक कागद माझ्यासमोर ठेवला. "जरा वाचून बघ. काही चुकीचं असेल तर सांग."

एका पानाचं होतं. वेळ, पाऊस, वेग, नोरीन कुठे होत्या. आणि शेवटी: पेडल कडक झाल्यासारखं मला वाटलं, परंतु तपासणीत दोष आढळला नाही; माझा पाय घसरला असावा, हे मी नाकारू शकत नाही.

मी म्हटलं, "ठीक आहे." मग तिने सही करायला पेन उघडलं.

कुठून आवाज आला कळत नाही. "सही करू नकोस," मी म्हटलं. "तुझा पाय घसरला नाही. पाइप माझ्या हातून तुटला होता. टेप लावली होती मी. मला दोनदा कळलं होतं पेडल कडक होतं ते, तुझ्या आधी. गेल्या आठवड्यात गुपचूप बदलला."

 मी म्हटलं, "थांब, जुना आहे माझ्याकडे, आणतो," आणि शेडमध्ये गेलो. रंगाचे डबे सगळे काढले. पाइप नव्हता. परत आलो तर ती खुर्चीत बसली होती आणि पाइप टेबलावर होता, जुन्या टॉवेलात गुंडाळलेला. तिच्या बॅगेतून काढला होता.

"शनिवारी कुंडीला रंग द्यायला ब्रश शोधत होते," ती म्हणाली.

"म्हणजे सहा दिवस..."

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"मी विचारलं, उपेन. तीनदा विचारलं."

मी मोजलं. तीनदाच.

"मी आज बोललो नसतो तर तू तिथे काय करणार होतीस?"

तिने पेनाचं टोपण लावलं. "माहीत नाही. खरंच माहीत नाही. बसस्टॉपपर्यंत चालत जाताना ठरवणार होते." मग म्हणाली, "तुला कल्पना आहे का, दोन आठवडे मी प्रत्येक औषधाचा डोस तीन-तीनदा तपासतेय. मला वाटायला लागलं होतं, माझे हातपाय माझं ऐकत नाहीत. तू समोर बसून वरण वाढून घेत होतास."

आम्ही चौकीत एकत्र गेलो. चालत. गार्डा बाईंनी माझं स्टेटमेंट वेगळं घेतलं, पाइप पिशवीत घालून त्यावर चिठ्ठी लावली. त्या रागावल्या नाहीत. एकदाच विचारलं, "एकोणीस सप्टेंबरला तुम्हाला स्वतःला पेडल कडक लागलं, आणि त्यानंतर पत्नी आणि मुलीला ही गाडी नेऊ दिलीत, हे मी बरोबर लिहिलंय ना?"

मी "हो" म्हटलं. मेधा बाहेर बाकावर बसली होती. दार उघडंच होतं.

रविवार, ३ नोव्हेंबर

दिवाळी झाली. केतकीसाठी आकाशकंदील लावला. मेधा पाहुण्यांच्या खोलीत झोपते. ड्यूटीच्या वेळा विचित्र आहेत म्हणून, असं केतकीला सांगितलं आहे. तसं ते खरंही आहे.

मी नोरीनकडे जाऊन आलो. मेधाला म्हटलं होतं चल, ती म्हणाली, "हे तुझं तू सांग."

नोरीननी एका हाताने चहा केला, मला करू दिला नाही. सगळं ऐकून घेतलं. "मी ग्रँड आहे," म्हणाल्या, "हाडं जुळतात." मग म्हणाल्या, "तुझी बायको रोज येते इथे. रोज सॉरी म्हणते. मी रोज म्हणते, जाऊ दे गं. आता सांग, तिने म्हटलेले ते सगळे सॉरी मी तिला परत कसे करू?"

 त्यांनी बिस्किटाची बशी पुढे सरकवली. मी एक घेतलं. खाणं भाग होतं.

शनिवार, १६ नोव्हेंबर

पत्र आलं. मेधावर कारवाई नाही. माझी फाइल वर, सरकारी वकिलांकडे गेली आहे, वेळ लागेल. माझे वकील म्हणतात, आपणहून सांगितलंत हे चांगलं झालं. मी त्यांना ते कसं झालं हे तपशिलात सांगितलं नाही.

डेक्लनने गाडी पुन्हा पूर्ण तपासली, या वेळी गरम इंजिनावर. ठीक आहे म्हणाला. माझ्याशी पूर्वीसारखं क्रिकेटची टिंगल करत बोलला नाही. मेधाला मात्र दारापर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, "त्या दिवशी मी चुकीचं बोललो, डॉक्टर."

दुपारी मेधा म्हणाली, "मला दाखव सगळं. पाइप कुठून कुठे जातो, कसं तपासायचं." मला फार बरं वाटलं. ती आपणहून माझ्याशी इतकं बोलली त्याला तीन आठवडे होऊन गेले होते. बॉनेट उघडून एकेक दाखवलं. तिने डबा स्वतः काढला, स्वतः बसवला. पाइपवर बोट फिरवत टोकापर्यंत गेली. मग सीटवर बसून, इंजिन बंद, सहा वेळा पेडल, पाय दाबून चावी. उतरलं. पुन्हा केलं. पुन्हा.

"बघ, आलं की," मी म्हटलं.

"हो, आलं," ती म्हणाली, आणि एकटीच चक्कर मारायला गेली. चाळीस मिनिटांनी आली. उतरायच्या आधी गरम इंजिनावर पुन्हा एकदा तेच केलं. मी खिडकीतून बघत होतो.

शनिवार, २३ नोव्हेंबर

मेधा पुन्हा गाडी चालवते आहे. रोज निघण्याआधी बॉनेट उघडून पाइप बघते, मग पेडलची परीक्षा. पाच-सात मिनिटं जातात. चांगली सवय आहे. गाडीची तिला आवडही लागते आहे असं दिसतं. हळूहळू सगळं रुळावर येईल.

आज तिला केतकीला पोहायला न्यायचं होतं. गारठा होता, काचेवर दव गोठलं होतं. तिला त्रास नको म्हणून मी आधीच खाली गेलो, काच खरवडली, बॉनेट उघडून पाइप, क्लिपा, सगळं बघितलं. पेडल तीन वेळा तपासलं. इंजिन गरम व्हायला चालू ठेवलं.

त्या दोघी बाहेर आल्या. मी म्हटलं, "मी सगळं चेक करून ठेवलंय. एकदम ठीक आहे. बसा तुम्ही."

"थँक्यू," मेधा म्हणाली.

केतकी गाडीचं मागचं दार उघडायला निघाली. मेधाने तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला पायरीवरच थांबवलं, हातमोजे काढून माझ्याकडे दिले, इंजिन बंद केलं, आणि बॉनेट उघडलं.